मुलाचे पत्र आणि घरचे वाचन



हीरक महोत्सवात शाळेच्या वाटचालीचा गौरव व्हावा, ही रीतच आहे. आजच्या भाषणाचा विषय मात्र शाळा आणि घर यांच्यामध्ये ये-जा करणारी एक लहानशी वस्तू हा आहे : मुलाने आईवडिलांना लिहिलेले पत्र. त्यासाठी निवडलेले उदाहरण दूर देशीचे आणि जुन्या काळाचे आहे. व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीत इंग्लंडमधील निवासी शाळांत वाढलेल्या विन्स्टन चर्चिल या मुलाची ही पत्रे आहेत.

हे नाव ऐकताच भारतीय श्रोत्याच्या कपाळावर आठी उमटणे स्वाभाविक आहे. भारताच्या स्वातंत्र्याला या माणसाने केलेला कडवा विरोध आणि १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात त्याच्या सरकारने दाखवलेली अनास्था विसरण्यासारखी नाही. तथापि, येथे विचार करावयाचा आहे तो पंतप्रधानाचा नव्हे, तर पुरती आठ वर्षेही न भरलेल्या एका मुलाचा.

विन्स्टनचा जन्म ३० नोव्हेंबर १८७४ चा. वडील लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल हे पार्लमेंटमधील नावाजलेले वक्ते. आई जेनी ही मूळची अमेरिकन, लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळात सदैव वावरणारी. त्या वर्गाच्या रिवाजाप्रमाणे नोव्हेंबर १८८२ मध्ये, आठव्या वाढदिवसाच्या काही आठवडे आधी, विन्स्टनला अ‍ॅस्कॉट येथील सेंट जॉर्जेस या शाळेत ठेवण्यात आले. आठवा वाढदिवस त्याने तेथेच, घरापासून दूर साजरा केला.

त्यानंतर लवकरच त्याने घरी लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. शाळेत आपण अगदी सुखात आहोत आणि वाढदिवस फार आनंदात गेला, असे त्यात लिहिले आहे. पत्राच्या शेवटी प्रेम आहे, पापे आहेत. असे पत्र हाती पडल्यावर कोणते आईवडील निश्चिंत होणार नाहीत?

वस्तुस्थिती निराळी होती. त्या शाळेचे मुख्याध्यापक मुलांना फोकांनी निर्दयपणे झोडपून काढत असत. पुढे कलासमीक्षक म्हणून कीर्ती पावलेले रॉजर फ्राय हे त्याच शाळेचे विद्यार्थी. शिक्षेच्या वेळी हजर राहण्याचे काम त्यांच्या वाट्याला येई आणि त्या प्रसंगांचे अंगावर काटा आणणारे वर्णन त्यांनी लिहून ठेवले आहे. स्वतः चर्चिल यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माय अर्ली लाइफ’ या आत्मचरित्रात त्या शाळेविषयीचा आपला तिटकारा उघडपणे मांडला. पत्रात ‘सुखात आहे’ आणि आत्मचरित्रात तिटकारा, अशी ही विसंगती आहे. तिचा उलगडा फारसा अवघड नाही. तेथील अनेक निवासी शाळांत रविवारी सर्व मुलांना एकत्र बसवून घरची पत्रे लिहवून घेत आणि आसपास शिक्षकांची नजर फिरत असे. शिवाय आईवडिलांना दुःख होऊ नये आणि आपण दुबळे ठरू नये, ही भीती मुलाच्या मनात असतेच. असे मूल मग घराला जे ऐकावेसे वाटते, तेच लिहिते.

पत्रांनी जे सांगितले नाही, ते शाळेच्या अहवालांनी सांगितले, पण वेगळ्याच भाषेत. १८८४ च्या एका अहवालात विन्स्टन २० वेळा उशिरा आल्याची नोंद आहे आणि तिच्यापुढे लाजिरवाणा असा शेरा आहे. मुलाला उशीर का होतो, हा प्रश्न त्या अहवालात नाही. त्याच वर्षी विन्स्टनला त्या शाळेतून काढून ब्रायटन येथे दोन थॉमसन भगिनी चालवीत असलेल्या शाळेत घातले. त्याच्या अंगावरचे वळ प्रथम पाहिले ते त्याची दाई एलिझाबेथ एव्हरेस्ट हिने आणि तिनेच ते घरच्यांच्या नजरेस आणले, असे सांगितले जाते.

ब्रायटनची शाळा मायाळू होती. तेथून आलेल्या पत्रांत मुलाचा आवाज मोकळा झाल्यासारखा वाटतो आणि त्या आवाजात एकच सूर पुनःपुन्हा येतो : भेटायला या. वडील भारतभेटीवर गेले असता त्यांना तो प्रवासाविषयी, शिकारीविषयी उत्सुकतेने विचारतो. वर्गमित्रांना देण्यासाठी वडिलांच्या स्वाक्षऱ्या मागतो. एकदा लॉर्ड रँडॉल्फ ब्रायटनला येऊन गेले आणि त्याच गावात शिकणाऱ्या मुलाला मात्र भेटले नाहीत. मुलाने त्यावर लिहिलेल्या पत्रात आपण फार निराश झालो असे म्हटले आहे; पण लगेच, वडील बहुधा कामात असतील, अशी समजूतही त्याने स्वतःच घालून घेतली आहे. वडिलांच्या वतीने मुलानेच सबब शोधावी, याहून करुण काय असेल?

१८८७ च्या जून महिन्यात राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्ण महोत्सव होता. त्याच सुमारास अमेरिकेतील बफेलो बिल याचे घोडेस्वारीचे खेळ लंडनला आले होते. दोन्ही पाहण्यासाठी घरी यावे म्हणून साडेबारा वर्षांच्या विन्स्टनने आईला एकामागून एक पत्रे लिहिली. एका पत्रात तर आईने शाळेच्या बाईंना काय लिहावे, याचा मसुदाच त्याने तयार करून पाठवला. आईने ऐकले आणि तो लंडनला गेला. मुलाने हट्ट किती वेळा करावा आणि घराने तो कोणत्या क्षणी मानावा, याचे गणित कोणत्याही पुस्तकात नसते. पण त्या जूनमध्ये घराने होकार दिला, ही नोंद महत्त्वाची आहे.

पुढे तो हॅरो या प्रसिद्ध शाळेत गेला. तेथील सर्वांत बोचरा प्रसंग डिसेंबर १८९१ चा. नाताळच्या सुट्टीत फ्रेंच भाषा सुधारावी म्हणून त्याला व्हर्सायला एका कुटुंबात ठेवण्याचे ठरले. सतरा वर्षांच्या त्या मुलाला नाताळ घरी हवा होता. त्याने विनवणीचे लांबलचक पत्र लिहिले. आईने त्याचे एकच पान वाचले आणि लेखनाची धाटणी आवडली नाही म्हणून पत्र परत पाठवले. उत्तरादाखल त्याने लिहिले, की पुन्हा एवढे लांब पत्र लिहिणार नाही, कारण ते वाचायला आईला सवड नाही; मेजवान्यांत आणि नाताळच्या तयारीत ती गुंतली असावी, यातच आपण समाधान मानतो. येथेही सबब मुलानेच शोधली. फरक इतकाच, की तिला आता उपरोधाची धार आली होती. आणि त्याला व्हर्सायला जावेच लागले.

या सर्व काळात त्याचे ऐकणारे एक माणूस होते, ती म्हणजे दाई एव्हरेस्ट. ती हॅरोला आली असता उमराव घराण्यातला हा मुलगा तिच्यासोबत सर्वांदेखत हिंडला. १८९३ मध्ये कुटुंबाने तिला नोकरीवरून दूर केले, तेव्हा तिच्या बाजूने त्याने आईला कळकळीचे पत्र लिहिले. जुलै १८९५ मध्ये तिच्या अखेरच्या आजारात तो तिच्यापाशी धावून गेला आणि तिच्या समाधीवरचा दगडही त्यानेच बसवला.

वडील त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. त्यांच्याशी मोकळेपणाने बोलायचे राहिले, ते कायमचेच. आईशी मात्र पत्रांचा धागा तुटला नाही. ऑक्टोबर १८९६ मध्ये हा तरुण लष्करी अधिकारी म्हणून मुंबईला आला, ससून डॉकच्या पायऱ्यांवर उतरताना त्याचा खांदा निखळला आणि तेथून पुढे तो बंगळूरच्या छावणीत गेला. बंगळूरहून त्याने आईकडे पुस्तके मागितली, आणि गिबन व मेकॉले यांच्या इतिहासग्रंथांची पार्सले तिने नेमाने पाठवली. पूर्वी एक पान वाचून पत्र परत करणारी आई आता मुलाच्या स्वाध्यायाची भागीदार झाली होती. उशिरा का होईना, घराला वाचता आले.

आणखी एक गोष्ट या आईवडिलांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. त्यांनी ही पत्रे फेकून दिली नाहीत. शाळेचे अहवाल, रागाची पत्रे, आर्जवाची पत्रे, सारे जपले गेले आणि आज ते केंब्रिजच्या चर्चिल महाविद्यालयातील अभिलेखागारात आहे. जपणूक हीसुद्धा एक प्रकारची माया असते. फक्त ती मुलाला त्या वेळी दिसत नाही, आणि मुलाला गरज असते ती त्याच वेळी.

या कथेवरून लॉर्ड रँडॉल्फ यांना दोष देणे सोपे आहे. परंतु कामात गुंतलेला बाप आणि सवड नसलेली आई ही केवळ व्हिक्टोरियन इंग्लंडची मक्तेदारी नाही. आज पत्रे उरली नाहीत. वसतिगृहातून, परगावच्या महाविद्यालयातून येतो तो फोनवरचा दोन शब्दांचा निरोप : ‘मजेत आहे.’ तो निरोप आणि १८८२ सालचे ते पत्र यांत फारसे अंतर नाही.

महाराष्ट्राबाहेर राहून ज्या पालकांनी मुलांना मराठी शाळेत घातले, त्यांनी मुलांच्या हाती एक साधन दिले आहे. ज्या भाषेत मूल घरी रुसते, हट्ट करते, आजीजवळ कुरकुरते, त्याच भाषेत त्याला लिहिता येते. बाहेर कोणतीही भाषा कानी पडो, घरी लिहिताना शब्द उसने आणावे लागत नाहीत. शाळेने आपले काम साठ वर्षे केले आहे : तिने मुलांना लिहायला शिकवले. दुसरे अर्धे काम घराचे आहे. मुलाने लिहिलेले शेवटच्या पानापर्यंत वाचावे, ‘मजेत आहे’ या शब्दांपाशी क्षणभर थांबावे, आणि भेटायला या असे त्यात लिहिले असेल, तर जावे.