उपासनेनंतरचे सहा दिवस



रविवारी सकाळी आमच्या नगरच्या चर्चची घंटा वाजू लागली, की माणसे स्वच्छ वस्त्रे परिधान करून, बायबल आणि ‘उपासना-संगीत’ हाती घेऊन बाहेर पडतात. दीड तास गायन, वाचन, प्रवचन व प्रार्थना होते. मग जो तो आपापल्या घरी परततो. मी जन्मभर मुलांना गणित शिकविले, म्हणून हिशेब करण्याची खोड काही जात नाही. आठवड्याचे तास १६८; त्यांतून हा दीड तास वजा केला तर उरतात साडेएकशेसहासष्ट. त्या तासांत आपल्या धर्माचे काय होते, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे. मी बोलणार तो ख्रिस्ती धर्माविषयी. कारण तोच मला जवळून ठाऊक आहे. परंतु हा प्रश्न कोणत्याही धर्माच्या श्रोत्याला परका वाटू नये.

शुभवर्तमानात येशूला सुतार म्हटले आहे. अर्थात उपदेशाला आरंभ करण्यापूर्वी त्याच्या हातात करवत व रंधा होता. पुढे पौल प्रेषित तंबू तयार करून आपला चरितार्थ चालवी. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात बंधू लॉरेन्स या नावाचा एक साधा आचारी होता. स्वयंपाकघरातील भांड्यांच्या गलबल्यातही आपल्याला देवाचे सान्निध्य लाभते, असे तो सांगे. १६९१ साली तो निवर्तला. परंतु त्याचे संवाद व पत्रे लोक अद्याप वाचतात.

इतक्या दूर तरी कशाला जावे? पंडिता रमाबाईंचे केडगाव आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि निराधार मुली व स्त्रिया यांना त्यांनी आपल्या आश्रयास आणले. त्यांच्या मुक्तिसदनात प्रार्थना तर होतीच. परंतु शेती होती, विणकाम होते, छापखानाही होता. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते आयुष्याच्या अखेरपर्यंत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. अनाथ मुलीला अन्न देणे, तिला अक्षर व कसब शिकविणे आणि देवाचे भजन करणे, ही तिन्ही कामे तेथे एकाच छपराखाली चालत. यांतील उपासना कोणती आणि व्यवहार कोणता, हे कोणी सांगावे?

आता थोरामोठ्यांची उदाहरणे बाजूला ठेवून माझ्यासारख्या सामान्य शिक्षकाची गोष्ट सांगतो. ती सांगण्यास संकोच वाटतो; तरी सांगतो.

मी सातवीच्या वर्गाला गणित शिकवीत असे. सहामाही परीक्षेत दोन मुलांच्या उत्तरपत्रिकांत एकाच उदाहरणात एकच विचित्र चूक आढळली. त्यांतला एक वकिलाचा मुलगा, दुसरा हमालाचा. मी काही एक चौकशी न करता हमालाच्या मुलास उभे केले, नक्कल केली म्हणून दोन छड्या मारल्या आणि त्याला शून्य गुण दिले. शनिवारी वकिलाचा मुलगा रडत रडत माझ्या घरी आला व म्हणाला, “गुरुजी, नक्कल मी केली होती.” मी त्याच्या खरेपणाचे कौतुक केले, दुसऱ्याचे गुण वहीत भरून टाकले आणि प्रकरण मिटले असे समजलो.

दुसऱ्या दिवशी उपासनेत शास्त्रवाचन माझ्याकडे होते. पाठ होता मत्तयाच्या पाचव्या अध्यायाचा. अर्पण घेऊन वेदीपाशी आलेल्या मनुष्याला, आपल्या भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर त्याने अर्पण तेथेच ठेवावे व आधी जाऊन समेट करावा, असा त्यात उपदेश आहे. मी तो मोठ्या स्पष्ट स्वरात वाचला.

जेवताना पत्नी म्हणाली, “अहो, त्या मुलाला मारलंत वर्गासमोर, आणि गुण दिलेत ते गुपचूप वहीत?”

मी म्हणालो, “मास्तरानेच वर्गासमोर चूक कबूल केली, तर शिस्त कशी राहील?”

ती शांतपणे म्हणाली, “मग आज वाचलंत ते काय दुसऱ्यांसाठीच होतं?”

त्या रात्री मला नीट झोप आली नाही. कारण खरा अपराध छडीचाही नव्हता. हमालाचा मुलगा नक्कल करील आणि वकिलाचा करणार नाही, हे मी मनात आधीच ठरवून ठेवले होते. देवापुढे सर्व माणसे समान आहेत, हे रविवारी गाणारा मी, सोमवारी वर्गात त्यांची प्रतवारी लावीत होतो.

सोमवारी मी वर्गापुढे उभा राहिलो व म्हणालो, “चौकशी न करता मी याला शिक्षा केली. चूक माझी होती. मी त्याची क्षमा मागतो.” मुलगा खाली मान घालून एवढेच म्हणाला, “असू द्या, गुरुजी.” वर्गाची शिस्त काही बिघडली नाही. परंतु तो मुलगा वर्षअखेरपर्यंत माझ्या तासाला कधी हात वर करीना. क्षमा मागितल्याने कर्तव्य पार पडते. झालेली जखम लगेच भरून येतेच असे नाही. हेही मी त्या वर्षी शिकलो.

म्हणून मला वाटते, रविवार हा धडा आहे आणि उरलेले सहा दिवस हा गृहपाठ. मोलकरणीचा पगार ठरल्या तारखेस देणे, दुकानात माप पुरे भरणे, कचेरीत गरिबाच्या अर्जाला श्रीमंताच्या अर्जाइतकीच त्वरा दाखविणे, शेजाऱ्याची निंदा आपल्या ओठांवर थांबविणे: हा गृहपाठ दिसण्यात किरकोळ आहे, पण तो तपासणारा परीक्षक वहीची सजावट पाहत नाही.

पुढच्या वेळी आपण प्रार्थनेस बसाल, मग ती चर्चमध्ये असो, देवळात असो वा घरच्या देव्हाऱ्यापुढे असो, तेव्हा क्षणभर आठवून पाहा: आपल्याविरुद्ध कोणाच्या मनात काही आहे काय? असल्यास उद्याचा सोमवार त्याच्यासाठी राखून ठेवा.