काचेमागचं हत्यार
(वणी येथे तरुणांपुढे केलेलं भाषण)



वरच्या गडावरल्या देवीला अठरा हात. कुठल्या हातात कुठलं शस्त्र, हे वणीतलं शेंबडं पोरगंही घडाघडा सांगतं. मी तुम्हाला साधं विचारतो. तुमच्या पणज्याच्या दोन हातांत काय होतं? सांगा. गप्प बसलात. ही गप्प बसायची सवय आपल्याला लावलेली आहे, म्हणून आज हत्यारांवर बोलायचं.

लंडनला नॅशनल आर्मी म्युझियम आहे, इम्पीरियल वॉर म्युझियम आहे. इथं नाशिकरोडला तोफखान्याचं संग्रहालय आहे. काचेमागं संगिनी, कुकऱ्या, काडतुसं, बिल्ले. खाली चिठ्ठी : पात्याची लांबी, कारखाना, साल. हत्यार ज्यानं धरलं त्याचा हात मात्र चिठ्ठीत नाही. का? हात कापला काय त्याचा?

पण लोखंड गप्प बसत नाही. वाचायला शिका. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाचं चिन्ह असतं. बाणाखाली 'आय' असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. थ्री-नॉट-थ्रीचं काडतूस उलटं धरा. बुडावर 'के' आणि 'एफ' असेल तर ते आपल्या खडकीचं. १८६९चा कारखाना तो. राणीची गोळी पुण्याच्या कामगारांनी भरली. म्हणजे लंडनच्या काचेत आपल्याही घामाचा वाटा आहे.

आता पदक घ्या. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. लढणाऱ्या शिपायाला चांदीचं. मजुरांच्या तुकड्यांना तेच पदक ब्राँझचं. राजाचं तोंड तेच, धातू वेगळा. हिंदुस्थानातून त्या युद्धात साडेपाच लाखांवर माणसं बिनलढाऊ म्हणून भरती झाली. खेचरं हाकणारे, पाणी भरणारे, मेहतर, हमाल. गोळी त्यांनाही लागायची. गोळी काही जात विचारत नाही, पदक मात्र विचारतं! गावात पाणवठे दोन, फौजेत पदकं दोन.

कोणी म्हणेल, साहेबाचं एवढं कौतुक कशाला? कौतुक नाही, हिशेब आहे. १ जानेवारी १८१८ला कोरेगावला महार शिपाई कंपनीच्या पलटणीत लढले, पेशवाईविरुद्ध. तिथल्या स्तंभावर मेलेल्यांची ४९ नावं आहेत, त्यांतली २२ 'नाक' लावलेली, म्हणजे आपली. ज्या पेशवाईत आपल्या सावलीचा विटाळ होता, तिच्याशी लढून मेल्यावर नाव दगडावर चढलं. १ जानेवारी १९२७ला बाबासाहेब तिथं गेले, ते इंग्रजाला नमस्कार करायला नाही. तुम्ही लढलेली माणसं आहात, हे आपल्याला सांगायला गेले.

आणि इंग्रजानं काय केलं? गरज सरो, वैद्य मरो. १८९२-९३च्या सुमारास महारांची भरतीच बंद. कारण काय, तर ही जात लढाऊ नाही! पाऊणशे वर्षं ज्यांच्या खांद्यावर बंदूक ठेवली, ते एका कागदानं नालायक ठरले. पेन्शनर हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ला अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१०ला थेट विलायतेला लिहिलं. दाद नाही. मग महायुद्धात माणसं कमी पडली आणि १९१७ला १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ला मोडली. पुन्हा युद्ध आलं, बाबासाहेब मागं लागले, तेव्हा १९४१ला बेळगावला महार रेजिमेंट झाली. मरायला माणूस हवा तेव्हा आपण लढाऊ, भाकर वाटायची वेळ आली की अस्पृश्य.

या रेजिमेंटचा बिल्ला नीट बघा. दोन मशीनगन आडव्या-तिरक्या, मध्ये खंजीर. आधी खंजिराच्या जागी कोरेगावचा स्तंभ होता. तो काढला, खंजीर आला. खंजीर धारदार दिसतो, पण खंजिरावर नावं कोरलेली नसतात. स्तंभावर होती. म्हणून म्हणतो, काचेमागचा चाकू बघताना त्याच्या जागी आधी काय होतं, ते विचारा.

मी तुम्हाला हत्यार पुजायला सांगत नाही. पूजा करणारे या देशात कमी नाहीत. आपण वाचणारे होऊ. तुम्ही शहरातली पोरं सुट्टीत गावी जाता. म्हातारीच्या पत्र्याच्या पेटीत बिल्ला असेल, पेन्शनचं पुस्तक असेल, काळं पडलेलं पदक असेल. ते भंगारवाल्याला किलोवर घालू नका. पहिल्या युद्धाच्या पदकाची कड बघा. तिच्यावर नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. ते उतरवून घ्या. म्हातारी सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा, शुद्धलेखनाची फिकीर नको. मग ती वही घेऊन संग्रहालयाच्या दारात उभे राहा आणि म्हणा, या चिठ्ठीत लांबी लिहिलीत, वजन लिहिलंत, आता माणूस लिहा.

ते लिहिणार नाहीत? मग आपण लिहू. लेखणी आपल्या हातात बाबासाहेबांनी दिली. ती कुठल्या साहेबाच्या गोदामात परत जमा करायची नाही.

जय भीम.