‘चिनी माती चालते’ एवढंच सांगून भागत नाही

आजचा भाग झाकणाच्या सिरॅमिक भांड्यांवर. विषय साधा वाटेल, पण माझ्यासाठी तो साधा नाही.

आमची आजी वेल्ह्याकडे एकटी राहते. तिला चुलीपुढे बसवेना, म्हणून मी मायक्रोवेव्ह नेऊन दिला आणि ऐटीत सांगितलं, "आजी, स्टील नको, काच आणि चिनी माती चालते." तिच्याकडे चिनी माती म्हणजे लोणच्याचा जुना सट. फ्रिजमधली आमटी तिने त्यातच गरम केली. उचलताना बूड सुटलं आणि उकळती आमटी हातावर. चूक तिची नव्हती, मी अर्धवट सांगितलं होतं.

असं का झालं? मायक्रोवेव्ह मुख्यतः पाणी तापवतो. सटाला बारीक तडे होते, बुडाला ग्लेझ नव्हतं. तिथून मातीत पाणी मुरतं. मग अन्नासोबत भांडंही तापतं, आतल्या पाण्याची वाफ होते आणि तडा वाढतो. त्यात फ्रिजमधला गारवा!

पुढच्या वेळी मी भोरच्या बाजारात भांडं घेतलं, ते असं बघून:

एक, बुडावर मायक्रोवेव्ह आणि ओव्हन असे दोन्ही शिक्के हवेत. मायक्रोवेव्हला चालणारं भांडं केक भाजायला चालेलच असं नाही.

दोन, सोनेरी किंवा चंदेरी काठ नको. त्यात धातू असतो, ठिणग्या उडतात.

तीन, झाकणाला वाफेचं भोक हवं, नाहीतर झाकण जरा तिरकं ठेवायचं. प्लास्टिक किंवा सिलिकॉनचं झाकण बेकिंगच्या आधी काढायचं, कंपनीने चालतं असं लिहिलं असेल तरच ठेवायचं.

चार, माप. घरून फिरत्या ताटलीची रुंदी आणि आतली उंची मोजून न्या. भांड्याचे कान ताटलीबाहेर आले तर ते फिरताना अडकतं.

घरात शिक्का नसलेलं भांडं आहे? रिकामं भांडं आणि शेजारी कपभर पाणी ठेवून 1 मिनिट चालवा. पाणी गरम, भांडं गार, तर मायक्रोवेव्हपुरतं ठीक. भांडंच तापलं, तर त्यात लोणचंच बरं! तडा गेलेलं मात्र तपासूही नका.

आमच्याकडचा इंद्रायणी चिकट, पटकन उतू जातो. म्हणून 1 वाटी तांदळाला दीड लिटरचं भांडं घ्या, अर्ध्याच्या वर भरू नका. आणि गरम भांडं ओल्या कडप्प्यावर टेकवू नका, खाली कोरडं फडकं घाला.

आजीचा हात आता बरा आहे. नव्या भांड्यात ती भात लावते. सट पुन्हा फळीवर गेलाय.

तुमच्या आजीला यंत्र द्याल, तेव्हा सोबत भांडंही द्या. आणि तिच्यासमोर एकदा वापरून दाखवा. भेटू पुढच्या भागात!