अंजिराच्या वाणांची पारख : सुरत आणि खानदेश



सुरत शहरातील उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची वस्ती मोठी आहे. तापी खोऱ्यातील रेल्वेमार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही गावे सुरतेस जोडली आणि यंत्रमागाच्या धंद्याने तेथील माणसे इकडे आणली. त्यांपैकी अनेकांची गावाकडे अद्यापि दोन-चार एकर जमीन आहे. मागावर राबून शिल्लक टाकलेला पैसा त्या जमिनीत घालावा, विहिरीच्या पाण्यावर एखादी फळबाग उभी करावी, ही इच्छा स्वाभाविकच होय. अशा बागांची चर्चा निघाली म्हणजे अलीकडे अंजिराचे नाव वारंवार पुढे येते. रोपे विकणारेही त्यास साजेशी परदेशी नावे घेऊन दारी येतात. वाणाचे नाव जितके अपरिचित, तितका रोपाचा भाव चढा, असा प्रकार दिसून येतो. अंजिराच्या झाडास दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ दिसू लागले, तरी बागेचे खरे उत्पन्न हाती येण्यास पाचवे वर्ष उजाडते. निवड चुकली तर ती चूक उमगेपर्यंत कुटुंबाची शिल्लक जमिनीत गाडली गेलेली असते. म्हणून रोप खरेदी करण्यापूर्वी वाणांची पारख कशी करावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

अंजीर हे उंबर, वड, पिंपळ यांच्या कुळातील झाड. दुर्मिळ वस्तूस आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. परंतु उंबराला फुले नसतात असे नाही, ती फळाच्या पोटात असतात. अंजिराचेही तसेच. आपण ज्यास फळ म्हणतो ती वस्तुतः आतल्या बाजूस वळलेली फुलांची थैली असून तिच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते. उंबर फोडले असता जी केंबरे उडतात, तीच त्या फुलांचे परागीकरण करणारी होत. अंजिराच्या काही जातींना अशाच एका चिमुकल्या गांधीलवर्गीय कीटकाची आवश्यकता असते. मात्र तो कीटक निराळा. उंबरातील केंबरे अंजिराच्या उपयोगी पडत नाहीत.

ही माहिती केवळ वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकापुरती नाही, तिच्यात शेतकऱ्याचा पैसा गुंतलेला आहे. तुर्कस्तानातील स्मर्ना जातीचे अंजीर सुक्या मेव्यात श्रेष्ठ मानले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात या जातीच्या काड्या नेऊन लावण्यात आल्या. झाडे जोमाने वाढली. परंतु फळे सुपारीएवढी होत न होत तोच गळून पडू लागली. हा प्रकार वर्षानुवर्षे चालला. अखेर रानअंजिराची झाडे लावून त्यांत राहणारा तो कीटक अल्जीरियातून नेऊन १८९९ साली तेथे स्थिर करण्यात आला, तेव्हा कोठे स्मर्ना फळू लागले. कॅलिफोर्निया व स्मर्ना ही दोन नावे जोडून तेथे त्यास 'कॅलिमिर्ना' हे व्यापारी नाव मिळाले. आपल्याकडील बागांत हा कीटक नाही. तेव्हा स्मर्ना वर्गातील रोप कोणी कितीही गोड बोलून दिले, तरी ते येथे फळ धरणार नाही. आपल्या उपयोगाची ती केवळ 'सामान्य' वर्गातील अंजिरे, जी परागीकरणावाचून फळतात. विक्रेत्यास विचारावयाचा पहिला प्रश्न हाच असावा.

महाराष्ट्रात अंजिराची जुनी आणि नावाजलेली पेठ म्हणजे पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका. दिवे, सोनोरी, गुऱ्होळी, सिंगापूर या गावांच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या अंजिराच्या बागा आहेत. तेथील वाण 'पूना अंजीर' या नावाने ओळखला जातो. फळ मध्यम आकाराचे, घंटेसारखे, पातळ सालीचे. पिकल्यावर सालीवर तांबूस-जांभळी छटा येते आणि आतील गर गुलाबी-लाल असतो. पुरंदरच्या अंजिरास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२४ साली त्या अंजिराचा रस पोलंड देशास रवाना झाला. तालुक्यातील जाधववाडी येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे अंजीर व सीताफळ संशोधन केंद्र असून 'फुले राजेवाडी' हा वाण तेथूनच प्रसारित झाला.

पुरंदरास हे यश कशामुळे मिळाले? सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेल्या या तालुक्यात पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, जमीन निचऱ्याची व चुनखडीयुक्त आहे आणि फळ पिकण्याच्या काळात हवा कोरडी असते. तेथील बागायतदार वर्षातून दोन बहारांपैकी एक निवडतो. पावसाळ्यात फुटून हिवाळ्यात हाती येणारा तो खट्टा बहार आणि पावसाळा संपता संपता छाटणी करून उन्हाळ्याच्या तोंडी फळे देणारा तो मीठा बहार. नावांतच दोहोंचा स्वाद सांगितलेला आहे. खट्ट्या बहारास आवक कमी असताना भाव बरा मिळतो, म्हणून अनेकजण तिकडे वळले. परंतु गोडीच्या दृष्टीने मीठा बहारच सरस.

आता सुरतेकडे पाहू. पुष्कळांची समजूत अशी की, अंजिरास उष्ण हवा हवी आणि सुरत उष्ण आहे, मग येथे अंजीर का होऊ नये? या समजुतीत अर्धेच सत्य आहे. अंजिरास उष्णतेइतकीच, किंबहुना अधिक, कोरडेपणाची गरज असते. सुरत खाडीकाठचे शहर. पाऊस सुमारे १,२०० मिलिमीटर आणि हवेत बराच काळ दमटपणा. अशा हवेत अंजिराच्या पानांवर तांबेरा रोग झपाट्याने पसरतो. पानाच्या पाठीमागे तांबूस पुटकुळ्या येतात, पाने पिवळी पडून गळतात आणि उघड्या पडलेल्या फांद्यांवर फळे धड पोसत नाहीत. पिकत्या फळावर पाऊस पडला तर ते तडकते व आंबते. परसात, मोठ्या कुंडीत वा जुन्या पिंपात हौसेने एखादे झाड लावण्यास सुरतेत काहीच हरकत नाही. शहरातील मराठी शाळांच्या आवारात एक उंबर व एक अंजीर शेजारी शेजारी लावले, तर मुलांना फुलांच्या थैलीचा पाठ फळ चिरून शिकविता येईल. व्यापारी बागेची गोष्ट मात्र निराळी. तिच्यासाठी पूर्वेकडे, तापीच्या वरच्या अंगास जावयास हवे.

धुळे जिल्ह्याच्या व नंदुरबारच्या पूर्वेकडील सपाटीवर पाऊस सुरतेच्या निम्म्याच्या आसपास येतो, दिवाळीनंतर हवा कोरडी होते, हिवाळ्यात रात्री चांगल्या थंड असतात. हे सर्व अंजिरास मानवणारे आहे. परंतु खानदेशच्या उन्हाळ्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. तापमान ३९-४० अंशांच्या वर गेले म्हणजे जमिनीत ओल असूनही अंजीर अवेळी पिकते, साल चिवट होते आणि गोडी भरत नाही. पुरंदरात एप्रिलअखेरपर्यंत चालणारा तोडा खानदेशात तसाच चालेल, असे गृहीत धरणे म्हणूनच धोक्याचे ठरेल. छाटणीपासून फळ तयार होण्यास साधारणतः चार-साडेचार महिने लागतात. हा हिशेब मांडून छाटणी अशी करावी की मुख्य तोडा मार्चअखेर आटोपेल. पुरंदरची तारीख जशीच्या तशी उचलून आणू नये. जमिनीबाबतही हेच. तापीकाठची खोल काळी कपाशीची जमीन कितीही सकस असली तरी तिच्यात पाणी साचते आणि अंजिराची मुळे गुदमरतात. मध्यम काळी, मुरमाड, निचऱ्याची जमीनच या झाडास मानवते.

वाणांकडे वळू. पूना अंजीर ताजे खाण्यास उत्तम आणि त्याची रोपे सहज उपलब्ध. मात्र त्यात साखर बेताची असल्याने वाळविल्यावर ते सुक्या मेव्याच्या प्रतीस उतरत नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील दौलताबादचे अंजीर पूर्वापार प्रसिद्ध असून त्या प्रकारातून निवड करून मराठवाड्यात 'दिनकर' हा वाण पुढे आणला गेला. मराठवाड्याची हवा खानदेशाशी पुष्कळ मिळतीजुळती असल्यामुळे दिनकरची चाचणी खानदेशात अवश्य घ्यावी. वाळविण्यासाठी ज्यांची नावे घेतली जातात ती 'दिएना' व 'कोनाड्रिया' ही दोन्ही अंजिरे कॅलिफोर्नियाची. कोनाड्रिया हे तेथील विद्यापीठातील शास्त्रज्ञ आयरा कॉन्डिट यांच्या संकराच्या कामातून १९५६ साली प्रसारित झाले. दिएनाचे फळ मोठे, पिवळसर आणि साखरेचे प्रमाण चांगले. दक्षिणेत कर्नाटकाच्या कोरड्या पट्ट्यात त्याची लागवड झालेली आहे. कॅलिफोर्नियात मात्र उन्हाळा पावसावाचून जातो आणि आपल्याकडे तोच पावसाचा काळ, हे ध्यानात ठेवून तेथील वर्णने वाचावीत.

याच कॉन्डिट यांनी १९५५ साली अंजिराच्या वाणांचा एक बृहद् ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सहाशेहून अधिक वाणांची नोंद आहे आणि त्याहून लक्षणीय गोष्ट म्हणजे एकाच वाणास गावोगावी पडलेल्या निरनिराळ्या नावांचा निवाडा त्यात केलेला आहे. एक झाड दहा नावांनी विकले जाते आणि एका नावाखाली दहा झाडे विकली जातात, ही तक्रार जगभरची आहे. आपल्या रोपवाटिकांतून 'तुर्की', 'इराणी', 'अफगाणी' म्हणून जी रोपे येतात, त्या शब्दांनी देश कळतो, वाण कळत नाही. कृषी अधिकाऱ्यांनी आपल्या हद्दीतील रोपवाटिकांच्या तपासणीत मातृवृक्षाची नोंद मागण्याचा आग्रह धरला, तर पुष्कळ नुकसान टळेल. महाराष्ट्रात २०१८ साली सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अंजिराचा समावेश आहे. त्या अनुदानातून खड्डा व रोप यांचा खर्च निघेल; चुकीच्या वाणामागे गेलेली पाच वर्षे कोणत्याही योजनेतून भरून निघत नाहीत.

नाव भरवशाचे नसेल तर भरवसा ठेवावा तो आपल्याच शेतातील तुलनेवर. सुरतेस ही रीत नवी नाही. येथील कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली 'संकरित-४' हा कापसाचा वाण सिद्ध केला, तो वर्षानुवर्षे वाण शेजारी शेजारी लावून, मोजून, नोंदवूनच. अंजिरासाठी शेतकऱ्यास एवढा खटाटोप नको. पूना, दिनकर, दिएना असे तीन वाण घ्यावेत. प्रत्येकाची पाच-सहा झाडे एकाच जमिनीत, ५ मीटर अंतरावर, एकाच दिवशी लावावीत. एका वाणाची सर्व झाडे विहिरीजवळ आणि दुसऱ्याची बांधावर, असे करू नये. ओळींत सरमिसळ करावी, म्हणजे जमिनीतील फरकाचा दोष वाणाच्या माथी येत नाही. पाणी, खत, छाटणी सर्वांस सारखी. एका वाणाचे कौतुक करून त्यास गुपचूप जादा शेणखत घालणारे बागायतदारही आढळतात. त्यांची तुलना तेथेच संपली.

नोंदवहीत छाटणीची तारीख, पहिला व शेवटचा तोडा, प्रत्येक झाडाचे एकूण वजन, तडकलेल्या फळांची संख्या आणि तांबेऱ्याने गेलेली पाने यांची नोंद ठेवावी. गोडी जिभेने ठरवू नये, कारण सकाळच्या पहिल्या अंजिराची आणि दहाव्याची गोडी जिभेस एकसारखी लागत नाही. कृषी विज्ञान केंद्राकडून रिफ्रॅक्टोमीटर मिळवून रसातील विद्राव्य घटकांचे प्रमाण मोजावे. ज्यांना शहरातून गावी महिन्यातून एकदाच जाणे शक्य आहे, त्यांनी ही वही गावच्या शिक्षकाकडे वा शाळेतील मोठ्या मुलांकडे सोपवावी. मुले अशी नोंद मोठ्यांपेक्षा काटेकोर ठेवतात. फळ धरल्यापासून निदान तीन बहार पाहिल्याखेरीज निष्कर्ष काढू नये. एखाद्या वर्षी अवकाळी पाऊस येतो, एखाद्या वर्षी थंडी लांबते, आणि एकाच वर्षाच्या आकड्यांवरून उत्तम वाण मागे पडतो.

नोंदीत एक रकाना आणखी हवा, तो टिकाऊपणाचा. पिकलेले अंजीर झाडावरून काढल्यावर फार तर एक-दोन दिवस टिकते. पुरंदरची अंजिरे पुण्यामुंबईच्या बाजारपेठेजवळ असल्यामुळे हा दोष तेथे सोसला जातो. दोंडाईचा वा शिंदखेड्याच्या बागेस सुरत हीच मोठी पेठ. पहाटे तोडलेले फळ पाने घालून करंडीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात एकेरी थरात भरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुरतेच्या बाजारात उघडले, तर त्यातील किती विकण्याजोगी राहतात, हे प्रत्येक वाणाचे मोजून पाहावे. चवीस सरस असलेला वाण या परीक्षेत मागे पडू शकतो. तोडणी करणाऱ्यांनी हातमोजे वापरावेत, कारण देठाच्या चिकाने बोटांची कातडी जाते. न विकलेली फळे मार्चच्या कोरड्या उन्हात जाळीखाली वाळवून पाहता येतील, आणि दिएनासारख्या वाणाची खरी कसोटी तेथे लागेल.

चाचणीची रोपे जमविण्यास योग्य काळ म्हणजे बागांची छाटणी सुरू होण्याचा. पुरंदरातील एखाद्या परिचित बागायतदाराकडे वा जाधववाडीच्या केंद्रात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास चौकशी केली असता, ज्या झाडाचे फळ डोळ्यांनी पाहिले आहे त्याच झाडाच्या पक्व काड्या मिळविता येतात. वीतभर लांबीच्या, तीन-चार डोळ्यांच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून, प्रत्येक जुडीस वाणाची चिठ्ठी बांधून आणाव्यात. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी. शाई ओलीत पुसली जाते.