जळके तेल आणि गावची विहीर



ट्रॅक्टरच्या इंजिनातून काढलेले काळे तेल पुष्कळदा बांधावर ओतले जाते. ते लवकर कुजत नाही. त्यातील धातूंचे विषारी अंश पावसाबरोबर झिरपून विहिरीत उतरू शकतात. चुलीत जाळल्यास तेच विष धुरावाटे श्वासात जाते. म्हणूनच २०१६ च्या नियमांनी त्याची गणना घातक कचऱ्यात केली आहे.

तेल घट्ट झाकणाच्या डब्यात साठवावे. त्यात पाणी वा रॉकेल मिसळू नये. फिल्टर रात्रभर पालथा ठेवून निथळावा. दोन्ही वस्तू गॅरेजमार्फत नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पाठवाव्यात. शुद्ध केलेले तेल पुन्हा वंगण म्हणून उपयोगी पडते.

वर्गात परातभर पाण्यावर गोड्या तेलाचा एकच थेंब सोडून दाखवावा. तवंग पसरताना पाहिलेले मूल बांधावर वडिलांचा हात धरील.