मोडीचे मोल

(मंडळाच्या वर्धापनदिनी दादर येथे केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई निमंत्रण घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "पोलादाच्या कारखान्यांत तुम्ही इतकी वर्षे काय केलेत, ते आम्हांला समजेल असे सांगा." मी हो म्हटले खरे, पण सुरुवात कोठून करावी ते सुचेना. शेवटी सुरुवात सापडली ती आईच्या स्वयंपाकघरात.

दिवाळी जवळ आली की माझी आई चेपलेली, तळ गेलेली पितळी भांडी पिशवीत भरून दुकानात नेई. दुकानदार ती तोलून मोडीचा भाव सांगे आणि त्यातून घट कापी. आईची हुज्जत ठरलेली असे : "चिंचेनं घासून आणलंय, एवढी घट कसली?" भगिनींनो, मी पुढे माटुंग्याच्या व्ही. जे. टी. आय. मध्ये यंत्रशास्त्र शिकले, १९८६ साली पदवी घेतली. पण माझा सारा धंदा त्या एका वाक्यात होता. मोड स्वच्छ असावी, निवडलेली असावी आणि घट कमीत कमी यावी.

आता यात एवढे मोठे काय आहे, ते सांगते. खाणीतून येते ते लोखंड नव्हे, लोखंड आणि प्राणवायू यांचा संयोग झालेली माती. तो प्राणवायू काढून घेण्यासाठी झोतभट्टीत कोळशापासून केलेला कोक घालतात. कोळशातला कार्बन प्राणवायूला घेऊन जातो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन आकाशात जातो. आपल्या देशात एक टन पोलादामागे सरासरी सुमारे अडीच टन असा वायू बाहेर पडतो. जगाची सरासरी दोन टनांच्या आत आहे. पृथ्वी तापते आहे असे आपण वाचतो, त्यात हाही एक मोठा वाटा आहे. पण जुने पोलाद वितळवले तर हे सारे एकदा होऊन गेलेलेच असते. प्राणवायू काढायचा नसतो, फक्त वितळवायचे असते. त्यामुळे एका टनामागे जवळजवळ दीड टन वायू वाचतो आणि तितकीच खनिज मातीही. ॲल्युमिनियमचे तर विचारूच नका. नवे करायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या विसाव्या हिश्शात जुने वितळते. तुमचा फुटका प्रेशर कुकर म्हणजे साठवून ठेवलेली वीजच आहे.

माझी पहिली नोकरी मुंबईबाहेरच्या एका लहान कारखान्यात. भंगार वितळवून सळ्यांसाठी पोलाद ओतायचे, एवढेच तेथले काम. भट्टी रात्रंदिवस चाले. पण १९४८ च्या कारखाने कायद्याप्रमाणे संध्याकाळी ७ ते सकाळी ६ स्त्रीला कारखान्यात काम करता येत नसे. म्हणून रात्री भट्टीत काय झाले, ते मी सकाळी वहीत वाची. या वाचनातच मला एक गोष्ट उमगली. एक टन पोलाद वितळायला सहाशेच्या आसपास युनिटे पुरावीत, तेथे आमच्याकडे सातशे लागत. वीज जाई कोठे? भट्टीवर झाकण नसे, त्यामुळे उष्णता वर उडून जाई. भात शिजवताना झाकण काढून कोणी बसत नाही. पण कारखान्यात ते चाले! भंगाराबरोबर माती येई, तिची मळी होई आणि तीही फुकट तापवावी लागे. शिवाय भंगार वेळेवर न आल्याने वितळलेला रस नुसता तापत राही.

मी झाकण बसवून घेतले आणि भंगार थांबता कामा नये असा नियम केला. तीन महिन्यांत युनिटे सहाशे तीसवर आली. मालकांनी पेढे वाटले. मला वाटले, आपण मोठे काम केले.

त्याच महिन्यात एका पहाटे भट्टीत स्फोट झाला. भंगारात दोन्ही टोके चेपलेला एक पाइप होता आणि त्याच्या आत पावसाचे पाणी राहिले होते. सोळाशे अंशांच्या रसात तो पडला, क्षणात पाण्याची वाफ झाली आणि पाइप फुटून रस उसळला. भट्टीपुढच्या कामगाराचे दोन्ही हात भाजले, एक डोळा कायमचा गेला. मी इस्पितळात गेले तेव्हा त्याची बायको बाहेरच्या बाकावर बसली होती. ती रडली नाही, भांडलीही नाही. एवढेच म्हणाली, "बाई, तुमची वीज पुष्कळ वाचली म्हणतात."

ते वाक्य मी आजवर विसरलेले नाही. कारण चूक माझीच होती. भंगार थांबता कामा नये या माझ्या नियमापायी निवडण्याचा वेळ निम्मा झाला होता. आवारात भंगार निवडण्याचे काम बायका करीत. त्यांच्यातल्या एका वयस्क बाईला मी विचारले, "हा पाइप तुम्हांला दिसला नाही का?" ती म्हणाली, "पाइप हलवला की आतलं पाणी वाजतं, बाई. पर हलवून बघाया येळ कुठं दिलात तुम्ही?"

एवढी वर्षे मी वही वाचत होते, पण आवारात उन्हात बसलेल्या त्या बायकांना काय ठाऊक आहे, हे मी एकदाही विचारले नव्हते. त्यानंतर आम्ही रीत बदलली. उद्याचे भंगार आज निवडायचे, म्हणजे भट्टीही थांबत नाही आणि निवडणारीला घाईही होत नाही. बंद नळी, बंद डबा दिसला की आधी कापायचा. आणि निवडणाऱ्या बाईने "नको" म्हटलेला तुकडा साहेबांनी सांगितले तरी भट्टीत जायचा नाही. युनिटे सहाशे चाळीसवर स्थिरावली. ती वरची दहा युनिटे वाया गेली असे मी कधी मानले नाही.

या बायकांच्या हातांचे आणखी एक मोल मला पुढे कळले. जुन्या मोटारीतील तांब्याची तार पोलादाच्या भंगारात राहून गेली, तर ते तांबे भट्टीत मळीबरोबर निघून जात नाही, पोलादातच राहते. आणि असे पोलाद गरम लाटताना तडकते. दुधात पडलेला मिठाचा खडा काढता येत नाही, तसेच हे. तो आधीच निवडावा लागतो. म्हणजे पोलादाचा दर्जा पुष्कळसा भट्टीपाशी नव्हे, सुपापाशीच ठरतो.

आपल्या मुंबईतच याचे एक ठळक उदाहरण घडले. आपली पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' १९९७ साली निवृत्त झाली, पुढे काही वर्षे ती येथे संग्रहालय म्हणून होती. २०१४ साली रे रोडजवळच्या दारूखान्यात ती तोडायला घेतली. अनेकांना वाईट वाटले, मलाही वाटले. पण तिच्यातले काही पोलाद पुण्याच्या बजाज कंपनीने घेतले आणि २०१६ साली त्यातून मोटारसायकलींचे भाग केले. १९७१ च्या युद्धातले पोलाद रस्त्यावर धावू लागले! धातू मरत नाही, तो रूप बदलतो, हे याहून चांगले कसे सांगावे?

मात्र एवढ्याने सारे भागेल असे सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. देशात घरे, पूल, रेल्वे वाढत आहेत. एकदा इमारतीत गेलेली सळई पन्नास-साठ वर्षे बाहेर येत नाही, म्हणून मोड पुरत नाही. खाणीतले लोखंड लागणारच. त्यासाठी कोळशाऐवजी हायड्रोजन वापरण्याचे प्रयोग चालू आहेत. त्यात प्राणवायूबरोबर धूर न होता पाणी होते. स्वीडनमध्ये २०२१ साली असे पोलाद तयार झाले. आपल्या सरकारनेही डिसेंबर २०२४ मध्ये 'हरित पोलाद' कशाला म्हणावे याची व्याख्या केली. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी वायू सोडणाऱ्या पोलादालाच ते नाव मिळते. आमच्या वेळी मालकाला पटवायला फक्त विजेचे बिल असे. आजच्या मुलींच्या हाती हे मापही आहे.

शेवटी एक मागणे. आपल्या घरातले भंगार आपण नुसते वजनावर देतो. यापुढे ते निवडून द्या : ॲल्युमिनियम वेगळे, तांबे-पितळ वेगळे, लोखंड वेगळे. फवाऱ्याचे डबे, लहान गॅसच्या टाक्या, जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर या साऱ्या बंद वस्तू आहेत. त्या इतर मोडीत मिसळू देऊ नका, भंगारवाल्याला दाखवून सांगा. तांब्यासाठी तारा जाळणाऱ्याला थांबवा. तो धूर आधी त्याच्याच छातीत जातो. आणि भंगारवाला दारात आला तर दोन रुपयांवरून त्याला ताटकळत ठेवू नका. त्याच्या गाडीतला तुकडा पुढे कोणातरी बाईच्या हातातून जातो आणि तिच्या पुढे भट्टीपाशी कोणीतरी उभा असतो.

आपण तांदूळ निवडतो ते खाणाऱ्याच्या दाताखाली खडा येऊ नये म्हणून. मोडही त्याच मनाने निवडावी, एवढेच मला सांगायचे होते.