खांदेरीचा बांध

मुंबईचें बंदर मागें टाकून दक्षिणेस निघालेल्या जहाजाला सुमारें अकरा मैलांवर, डाव्या हातास, दोन लहान बेटांची जोडी दिसते. थळच्या किनाऱ्याजवळचें सखल बेट म्हणजे उंदेरी, आणि त्याच्या पलीकडे, भर पाण्यांत, दोन टेकड्यांचें उभें आहे तें खांदेरी. जुन्या इंग्रजी दप्तरांत ह्या जोडीला ‘हेनरी-केनरी’ म्हटलेलें आढळतें. तें नांव ऐकून आमच्या एका मित्राचा असा समज झाला होता कीं, हे कंपनी सरकारचे कोणी दोघे कप्तान असावे!

दक्षिण चिनी समुद्रांतील खडकांवर कोणी धांवपट्टी बांधली, कोणी दीपगृह उभारलें, कोणाच्या होड्या कोणी अडविल्या, अशा बातम्या अलीकडे वर्तमानपत्रांत वारंवार येतात. त्या वाचतांना मला खांदेरीची आठवण होते. ओसाड बेट कोणाचें? ज्याच्याजवळ कागद असेल त्याचें, ज्याचें आरमार मोठें असेल त्याचें, कीं तेथें जाऊन जो चूल पेटवील आणि ती विझूं देणार नाहीं त्याचें? ह्या प्रश्नाचा निकाल आपल्या दाराशीं १६७९ सालीं एकदां लागला आहे.

त्या वेळेपर्यंत खांदेरीवर वस्ती नव्हती. झाडी होती, खडक होते, आणि भोंवतीं पाणी. तरी त्याचें महत्त्व तिघांना कळत होतें. पहिले मुंबईचे इंग्रज. येथून मुंबईंत शिरणारें व मुंबईंतून निघणारें प्रत्येक गलबत नजरेंत येतें. दुसरे जंजिऱ्याचे सिद्दी, मोगल बादशहाचे आरमारी सरदार. पावसाळ्यांत त्यांचें आरमार मुंबईस आश्रयाला येई, माझगांवच्या बाजूस नांगर टाकी, आणि तेथूनच समोरच्या खाड्यांत शिरून शिवाजी महाराजांच्या मुलखांत लुटालूट करी. इंग्रजांना ही पाहुणेमंडळी आवडत होती असें नाहीं. परंतु सुरतेची त्यांची मुख्य वखार मोगलांच्या राज्यांत होती, तेव्हां सिद्द्याला दार लावून घेणें त्यांना परवडण्यासारखें नव्हतें. तिसरे अर्थातच स्वतः महाराज. माझगांवास नांगरलेलें हें आरमार जाळण्याचा त्यांचा बेत १६७८ सालीं फसला होता. घरांत शिरतां येत नसेल तर उंबऱ्यावर जाऊन बसावें, हा विचार त्यांतूनच पक्का झाला असावा. बेट बांधून काढण्याचा एक प्रयत्न १६७२ सालींही झाला होता, पण इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आल्यामुळें तो तेव्हां सोडून द्यावा लागला होता.

१६७९ सालीं पावसाळा सरतां सरतां मायनाक भंडारी हा १५० माणसें व चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला. इंग्रजांच्या कागदांत नोंद राहिली ती मुख्यतः त्याच्या बांधाची. दगडमातीचा एक बांध बेटाच्या कडेकडेनें उठूं लागला होता. उंची किती, तर तीन फूट, म्हणजे पुरते दोन हात! कोंकणांतील श्रोत्यांना बांध ही काय चीज आहे हें मीं सांगावयास नको. शेताचा बांध वीतभर सरकला तर भाऊबंदांत तीन पिढ्या कज्जा चालतो. हा तर समुद्रांत घातलेला बांध. मुंबईकर इंग्रजांनीं निरोप धाडला कीं, बेट मुंबईचें आहे, निघून जा. पोर्तुगीज राजकन्येच्या १६६१ च्या विवाहकरारानें मुंबई आपल्याकडे आली आणि तिच्याबरोबर आसपासचीं बेटेंही आलीं, असें त्यांचें म्हणणें. मायनाकाचें उत्तर सरळ होतें: महाराजांच्या हुकमानें आलों आहें, त्यांच्या हुकमावांचून हलणार नाहीं.

मग इंग्रजांनीं गलबतें पाठविलीं. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट थॉर्प ह्यानें बेटावर उतरण्याचा अविचारी प्रयत्न केला. त्यांत तो स्वतः व त्याचे दोन सोबती मारले गेले, आणि कित्येक जण कैद झाले. दोन हातांचा बांध कामास आला तो असा. पुढें ‘रिव्हेंज’ नांवाचें फ्रिगेट आणि कॅप्टन केजविन ह्यांना धाडण्यांत आलें. हाच केजविन चार वर्षांनीं कंपनीविरुद्ध बंड करून मुंबईच बळकावून बसला. पण ती कथा निराळी. १८ ऑक्टोबरला पहांटे दौलतखानाच्या हाताखालीं मराठ्यांचीं साठांवर गलबतें किनाऱ्याकडून चालून आलीं. इंग्रजांचीं लहानमोठीं मिळून आठ. अर्ध्या तासाच्या आंत त्यांच्या एका गुराबेनें निशाण उतरविलें व ती मराठ्यांच्या हातीं लागली, लहान गलबतें पळालीं, आणि ‘रिव्हेंज’ एकटें राहिलें. येथें आपल्या अभिमानास थोडी मुरड घालणें प्राप्त आहे. त्या एकट्या जहाजानें आपलीं पांच गलबतें बुडविलीं व बाकीचें सारें आरमार नागोठण्याच्या खाडीच्या तोंडापर्यंत हटविलें. मोठ्या तोफांच्या उंच जहाजापुढें आपलीं हलकीं गलबतें उघड्या पाण्यांत टिकलीं नाहींत, ही गोष्ट खरी आहे.

आणि तरीही बेट गेलें नाहीं!

हें कसें झालें? लढाई दिवसा होई आणि बेट रात्रीं जगे. अंधार पडला कीं किनाऱ्यावरून लहान लहान होड्या सुटत. उथळ पाणी, खडकांमधील वाटा, भरती-ओहोटीची वेळ, ही सारी माहिती त्या कोळी-भंडारी खलाशांच्या अंगवळणीं पडलेली. इंग्रजांचीं जड जहाजें त्यांचा पाठलाग करीपर्यंत होड्या बेटाला लागून परतही जात. तांदूळ जाई, दारूगोळा जाई, माणसें जात. इंग्रजांनीं वेढा घातला होता खरा, पण तो सूर्य मावळेपर्यंतचा. आपल्या इतिहासांत आपण तरवारीचें कौतुक पुष्कळ केलें. शिध्याच्या होडीचें त्या मानानें फारच थोडें केलें, असें मला वाटतें.

महाराजांना मात्र ह्या होडीची किंमत पुरेपूर ठाऊक होती. जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग बांधला जात असतां, प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक ह्यानें तेथें रसद व पैसा पोहोंचविण्यांत दिरंगाई केली. त्याला महाराजांच्या नांवें जानेवारी १६७५ मध्यें गेलेलें पत्र उपलब्ध आहे. पद्मदुर्ग वसवून आम्ही राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी केली आणि तुम्ही तिचें अन्न रोखून धरतां? हबशानें कांहीं देऊन तुम्हांला आपले चाकर केलें काय? तुम्ही ब्राह्मण म्हणून कोणी भीड धरणार नाहीं. अशा आशयाचा तो खरमरीत कागद आहे. शत्रूला लिहिलेल्या कोणत्याही पत्रांत इतका संताप माझ्या वाचनांत नाहीं. दूरच्या किनाऱ्यावर बसलेला एक आळशी कारकून समुद्रांतला किल्ला तोफेवांचून पाडूं शकतो, हें त्यांनीं ओळखलें होतें.

इंग्रजांच्या बाजूस नेमका हाच हिशेब उलटा पडला. मुंबईची मंडळी लढूं म्हणत होती. सुरतेचें वरिष्ठ मंडळ खर्चाचे आंकडे पाहून धास्तावलें. नोव्हेंबरांत सिद्दी कासमचें आरमार मदतीला आलें आणि खांदेरीवर रोज तोफा डागूं लागलें, तेव्हां इंग्रजांना नवीनच शंका आली. मराठे निघाले तरी हा सिद्दी बेट आपल्याला देणार, कीं स्वतःच दाबून बसणार? शत्रूपेक्षां मित्राची भीति अधिक, अशी स्थिति झाली. तिकडे महाराजांची फौज कल्याण-भिवंडीकडे उतरल्याच्या वार्तेनें मुंबईंत घबराट उडाली. शेवटीं १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं जहाजें काढून घेतलीं आणि गोडीगुलाबीनें तह केला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

सिद्द्यानें लागलीच धडा घेतला. जानेवारी १६८० मध्यें त्यानें शेजारचें उंदेरी बळकावून तेथें स्वतःचा बांध घातला. दौलतखानाचा त्यावरील हल्ला फसला व तो स्वतः जखमी झाला. एप्रिलांत महाराज गेले. पुढें जवळजवळ ऐंशी वर्षें हीं दोन बेटें एकमेकांकडे तोफा वळवून बसलीं होतीं.

आतां दक्षिण चिनी समुद्राकडे पाहूं. तेथील स्प्रॅटली द्वीपसमूहावर चीन, व्हिएतनाम, फिलिपीन्स, मलेशिया, ब्रुनेई आणि तैवान ह्यांचे सर्वस्वीं किंवा अंशतः दावे आहेत. २०१३ च्या अखेरीपासून चीननें समुद्रतळाची रेती उपसून सात प्रवाळखडकांवर सुमारें ३,२०० एकर नवी भूमि रचली आणि तिच्यावर तीन मोठ्या धांवपट्ट्या बांधल्या. कायदा ह्याला भुलत नाहीं. १९८२ च्या समुद्रविषयक कराराप्रमाणें माणसानें रचलेल्या बेटाला स्वतःचा प्रादेशिक समुद्र मिळत नाहीं. आणि ज्या खडकावर मनुष्यवस्ती किंवा स्वतंत्र आर्थिक जीवन टिकूं शकत नाहीं, त्याला विशेष आर्थिक क्षेत्र मिळत नाहीं. १२ जुलै २०१६ रोजीं हेग येथील लवादानें फिलिपीन्सच्या फिर्यादीवर ह्याच धोरणानें निकाल दिला. चीननें तो मानला नाहीं.

परंतु मला त्या धांवपट्ट्यांहून एका गंजक्या जहाजाची गोष्ट अधिक बोलकी वाटते. ‘सिएरा माद्रे’ हें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील जहाज फिलिपीन्सनें १९९९ सालीं सेकंड थॉमस नांवाच्या खडकावर मुद्दाम रुतविलें आणि त्यांत मूठभर शिपाई ठेवले. तोच त्यांचा बांध. त्या शिपायांचा शिधा घेऊन जाणाऱ्या होड्यांवर चिनी जहाजांनीं पाण्याचे प्रचंड फवारे सोडले. १७ जून २०२४ च्या झटापटींत एका फिलिपिनो खलाशाचा आंगठा तुटला. पुढच्याच महिन्यांत उभय पक्षांत तात्पुरता समझोता झाला, तो सीमेविषयीं नव्हे, हक्काविषयीं नव्हे. शिधा कसा जाऊं द्यावा एवढ्याचपुरता! मायनाक भंडाऱ्याला ह्यांतला शब्द न् शब्द समजला असता.

खांदेरीचें पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. कान्होजी आंग्र्यांच्या काळीं, १७१८ सालीं, गव्हर्नर बून ह्यानें तिच्यावर मोठी स्वारी केली आणि ती हात हलवीत परतली. लढून न मिळालेलें हें बेट पुढें इंग्रजांकडे गेलें, आणि १८६७ सालीं त्यांनीं तेथें दीपगृह बांधलें. त्या दीपगृहाला आज कान्होजींचेंच नांव आहे. २०२५ च्या जुलैंत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें, त्यांत खांदेरी आहे.

आम्ही थळहून मचव्यानें तेथें गेलों होतों. बेटावर वेताळाचें स्थान आहे व कोळी लोकांची त्यावर मोठी भक्ति. ठोकला असतां धातूसारखा वाजणारा एक खडकही आहे. तो आम्हीं हौसेनें वाजवून पाहिला. मायनाकाचा तीन फुटी बांध कोठें होता तें शोधण्याचा मात्र उपयोग झाला नाहीं. त्याच्यावर पुढें पक्का तट चढलेला आहे. तटाखालीं लाटांची धार मोडण्यासाठीं टाकलेले दगड पाहत मी रेंगाळलों होतों, तों खालून नावाड्यानें हांक मारली, “चला साहेब, ओहोटी लागली. आतां नाहीं निघालांत तर रात्र हितंच, आणि खायला कांय बी नाय.” आम्ही निमूटपणें मचव्यांत जाऊन बसलों.